आरोपी टिळक, वकील दावर आणि न्यायमूर्ती दावर

'आरोपी' हा शब्द ऐकला की आपल्या डोक्यात निकाल लागून मोकळा झालेला असतो. खरं तर आरोप म्हणजे सरकारचं म्हणणं, जे अजून कोर्टात टिकायचंय. एवढंच. पण या 'एवढंच'ची किंमत माणसागणिक नाही, न्यायाधीशागणिक बदलते, हे टिळकांचे दोन खटले शेजारी ठेवून वाचले की कळतं.

१८९७. 'केसरी'तल्या लिखाणावरून कलम १२४-अ, राजद्रोह. खालच्या कोर्टाने जामीन नाकारला, हायकोर्टात न्या. बद्रुद्दीन तय्यबजींनी दिला. जामिनासाठी बाजू मांडणारे बॅरिस्टर होते दिनशा दावर. म्हणजे आरोपीला आपला बचाव घरी बसून, वकिलांशी बोलून तयार करता आला. पुढे ज्युरीचा कौल ६ विरुद्ध ३ गेला, दीड वर्षाची सक्तमजुरी झाली, ते वेगळं. न्या. स्ट्रॅची यांनी तर 'अप्रीती'चा अर्थ 'प्रीतीचा अभाव' असा लावला होता! सरकारवर प्रेम नसणं हाच गुन्हा. अशा व्याख्येपुढे वकील तरी काय करणार?

आता १९०८. २४ जूनला अटक, १३ जुलैला खटला सुरू. जिनांनी जामीन मागितला. समोर न्यायाधीश कोण? तेच दावर. त्यांनी नाकारला, आणि कारणांची चर्चाही टाळली. अकरा वर्षांपूर्वी ज्या माणसासाठी जामीन मागितला, त्याच माणसाला तो नाकारताना त्यांना काय वाटलं असेल, हा प्रश्न मला हे प्रकरण वाचताना दर वेळी पडतो. टिळकांना बचावाची तयारी तुरुंगातूनच करावी लागली.

त्यातही मला सगळ्यात जास्त खटकतं ते भाषेचं. लेख मराठी, वाचक मराठी, आरोपी मराठी. आणि ठरवणारे? विशेष ज्युरीत सात युरोपियन, दोन पारशी. पुढ्यात इंग्रजी भाषांतर. टिळकांनी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली, एकेका शब्दावर भांडले, एकवीस तासांहून जास्त स्वतः बोलले. माणूस काय म्हणाला हेच जर दुसऱ्याच्या भाषांतरावरून ठरणार असेल, तर आरोपीने बचाव कशाचा करायचा, स्वतःच्या लेखाचा की त्या भाषांतराचा?

२२ जुलैच्या रात्री कौल आला, ७ विरुद्ध २. सहा वर्षं काळं पाणी, हजार रुपये दंड. दुसऱ्या दिवशी त्यांना ५२ वर्षं पूर्ण होत होती. रवानगी अखेर मंडालेला झाली.

१९१६ मध्ये पुन्हा भाषणांवरून कारवाई झाली. पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीनदार मागितले. या वेळीही वकील जिनाच. न्या. बॅचलर आणि न्या. शहा यांनी भाषणं तुकड्यांत न वाचता सबंध वाचली, आणि तो हुकूम रद्द केला. राजद्रोहाची व्याख्या मात्र १९०८ च्या खटल्यात होती तीच होती.