‘ओ. के.’ची कुळकथा

ज्याच्याइतका सर्वसंचारी शब्द जगात दुसरा सापडणे दुर्घट, त्या ‘ओ. के.’च्या पितृत्वावर हक्क सांगणारेही तसेच विपुल आहेत. कोणी त्याला ग्रीकांच्या ‘ओला काला’चे, म्हणजे ‘सर्व क्षेम आहे’ या वचनाचे अपत्य मानतो, कोणी तो ऑरिन केंडॉल या बिस्किटवाल्याच्या आद्याक्षरांतून निघाला असे सांगतो. आणि राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांची तर तो चॉक्टॉ या आदिवासी जमातीच्या भाषेतला असल्याबद्दल इतकी खात्री होती, की मंजुरीचा शेरा लिहिताना ते शेवटी ‘ई’ आणि ‘एच’ जोडून त्या वंशाची नोंद ठेवीत.

या तोतयांचा निवाडा केला तो कोलंबिया विद्यापीठाचे ॲलन वॉकर रीड यांनी. जी वर्तमानपत्रे दुसऱ्या दिवशी रद्दीत जातात, तीच अस्सल दफ्तराच्या आस्थेने वाचून त्यांनी १९४१ मध्ये १८४० च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीपर्यंत आणि १९६३-६४ मध्ये त्याहीपलीकडे, २३ मार्च १८३९ च्या ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’च्या अंकापर्यंत, या शब्दाचा माग नेऊन भिडवला. विद्वत्तेची मजल तिच्या धीराएवढीच असते, याचे यापरते प्रमाण मला ठाऊक नाही. त्या काळी बॉस्टनच्या संपादकांना आद्याक्षरांचे, आणि तीही मुद्दाम अशुद्ध लेखनाची, मोठे वेड लागले होते: ‘ऑल राइट’साठी ‘ओ. डब्ल्यू.’, आणि त्याच चालीवर ‘ऑल करेक्ट’साठी ‘ओ. के.’. ‘सर्व शुद्ध’ असे सांगणाऱ्या या दोन अक्षरांतले एकही शुद्ध नाही, हीच त्यातली गंमत होती.

‘ओ. डब्ल्यू.’ आदी भावंडे लवकरच कालवश झाली. ‘ओ. के.’ वाचले ते १८४० च्या निवडणुकीमुळे. कारण उमेदवार मार्टिन व्हॅन ब्यूरेन हे न्यूयॉर्क प्रांतातील किंडरहूक गावचे असल्याने ‘ओल्ड किंडरहूक’ म्हणवले जात आणि त्यांच्या अनुयायांनी ‘ओ. के. क्लब’ स्थापन केला होता. विल्यम हेन्री हॅरिसन यांनी व्हॅन ब्यूरेन यांचा पराभव केला, तरी शब्द मात्र टिकला. व्हॅन ब्यूरेन यांचे पूर्वाधिकारी अँड्र्यू जॅक्सन यांना शुद्धलेखन येत नसल्याने ते कागदांवर हाच शेरा मारीत, अशी कंडी विरोधकांनी पिकवली. आणि जॅक्सन यांच्या माथी मारलेला तो बनावट शेरा पुढे खरोखरीच कागदपत्रांवर पडू लागला, व तारायंत्रावर संदेश पोचल्याची पोच म्हणूनही रूढ झाला.