बेडकातून निघालेले फुलपाखरू

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात जुनी माणसे पोहायला शिकली ती विहिरीत. पाठीला वाळलेला भोपळा नाहीतर पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा, काठावरच्या कोणीतरी ढकलायचे, आणि मग जीव वाचवण्यासाठी हातपाय जे करतील ते पोहणे. बहुतेकांचे हातपाय बेडकासारखेच चालतात. डोके वर राहते, श्वास मोकळा राहतो, समोरचा काठ दिसतो. विहिरीला खोली असते, लांबी नसते. सिंदखेडराजाच्या पुतळा बारवेत डोकावून पाहिले तरी ते कळते. म्हणून आपल्याकडे कौतुक झाले ते सूर मारण्याचे, मुटक्याचे, तळातून माती आणण्याचे. वेगाचा प्रश्नच आला नाही. चार हातांवर काठ असताना घाई कशाची?

याच बेडकी पोहण्याला शर्यतीत ब्रेस्टस्ट्रोक म्हणतात. बटरफ्लाय, म्हणजे दोन्ही हात पंखांसारखे एकदम पाण्याबाहेर फेकत पोहण्याचा प्रकार, हा त्याचाच मुलगा आहे. तो वेगळा शोधला गेला असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तो नियमातल्या एका फटीतून बाहेर आला.

ब्रेस्टस्ट्रोकच्या जुन्या नियमात दोन्ही हात एकाच वेळी, सारखे पुढे न्यायचे, एवढे लिहिलेले होते. ते पाण्याखालूनच न्यायचे, असे कोणी लिहून ठेवले नव्हते. १९३३ साली ब्रुकलिनमध्ये हेन्री मायर्स या अमेरिकन पोहणाऱ्याने शर्यतीत हात पाण्यावरून पुढे टाकले. पंचांना ते खटकले असेल, पण नियमात बसत होते. हवा पाण्याच्या सुमारे आठशेपट विरळ आहे. जो हात पाण्यातून पुढे ढकलताना आपलाच वेग खातो, तोच हवेतून नेला तर जवळजवळ फुकटात पुढे जातो. गणित एवढे साधे आहे. त्याच सुमारास आयोवा विद्यापीठात डेव्हिड आर्मब्रस्टर हा प्रशिक्षक आणि त्याचा विद्यार्थी जॅक सीग यांनी पायांचा प्रश्न सोडवला. दोन्ही पाय जोडून माशाच्या शेपटीसारखे वर-खाली मारायचे. हात नियमात बसले, पाय मात्र बसले नाहीत. त्यामुळे पुढची जवळजवळ वीस वर्षे एक विचित्र प्राणी शर्यतीत पोहत राहिला: वरून फुलपाखरू, खालून बेडूक.

या प्राण्याची शेवटची मोठी शर्यत १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये झाली. महिलांच्या २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये हंगेरीची एवा सेकेय हात पाण्यावरून फेकत पहिली आली. त्याच स्पर्धाप्रकारात भारताच्या दोघी होत्या, मुंबईची डॉली नझीर आणि कोलकात्याची आरती साहा. आरती तेव्हा जेमतेम अकरा-बारा वर्षांची होती. (हीच आरती पुढे १९५९ मध्ये इंग्लिश खाडी पोहून गेली.) त्यानंतर आंतरराष्ट्रीय जलतरण महासंघाने दोघांची वाटणी केली. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये बटरफ्लायला स्वतंत्र चूल मिळाली.

वाटणीनंतर बेडकाने नवी फट शोधली. मेलबर्नमध्येच जपानच्या मासारू फुरुकावाने २०० मीटरचा मोठा भाग पाण्याखालून पोहून सुवर्ण मिळवले. पृष्ठभागावर लाटा उठतात आणि त्या उठवण्यात शक्ती जाते. खाली ती वाचते. मग त्यावरही बंदी आली. २००४ मध्ये अथेन्सला कोसुके कितजिमाच्या वळणानंतरच्या शेपटीच्या फटक्यावरून वाद झाला, आणि पुढच्याच वर्षी तसा एक फटका नियमात बसवला गेला. मला या साऱ्या इतिहासात पंचांची दया येते. शरीर पाण्यातली सोपी वाट शोधते, आणि ती वाट बेडकाची राहू नये म्हणून धडपडते. पंच तिला पुन्हा बेडकात आणून बसवतात.

सोपी वाट ती कशी, हे स्पर्धांच्या चित्रफिती थांबवून थांबवून पाहिल्या की दिसते. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये मुख्य जोर पायांचा. टाचा नितंबांकडे ओढून, पावले बाहेर वळवून तळव्यांनी पाणी मागे रेटायचे. पण टाचा ओढताना मांड्या पुढे येतात आणि ढालीसारख्या पाण्याला आडव्या होतात. वेग दुप्पट झाला की पाण्याचा विरोध साधारण चौपट होतो, त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात पोहणारा धावतो आणि जवळजवळ थांबतो. पुन्हा धावतो, पुन्हा थांबतो. बटरफ्लायमध्ये मांडी तशी आडवी येत नाही. छातीतून निघालेली लाट कंबरेतून पावलांपर्यंत जाते. हातांच्या एका फेऱ्यात पायांचे दोन फटके बसतात, एक हात पाण्यात शिरताना आणि दुसरा ते बाहेर पडताना. किंमत मोजावी लागते ती वेगळीच. दोन्ही हात आणि डोके एकदम पाण्याबाहेर उचलायचे असते. ताल चुकला की कंबर बुडते आणि सगळा भार खांद्यांवर येतो. पुरुषांच्या १०० मीटरमध्ये ॲडम पीटीचा २०१९ चा ब्रेस्टस्ट्रोकचा विक्रम ५६.८८ सेकंदांचा, तर केलब ड्रेसेलचा २०२१ चा बटरफ्लायचा ४९.४५ चा. बाप-मुलात सात सेकंदांहून जास्त अंतर पडले आहे.

आशियाई स्पर्धांत भारताने जलतरणाची पदके फार थोडी मिळवली. १९५१ नंतरची शर्यतीतली तिन्ही पदके याच दोन प्रकारांतली आहेत. १९८६ मध्ये सोलला खजान सिंग यांना २०० मीटर बटरफ्लायचे रौप्य मिळाले. २०१० मध्ये ग्वांगझूला कोल्हापूरच्या वीरधवल खाडेला ५० मीटर बटरफ्लायचे कांस्य, आणि २०१४ मध्ये इंचॉनला संदीप सेजवालला ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचे.

मला मात्र या दोन प्रकारांतला फरक सर्वांत स्पष्ट दिसला तो सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्याच्या सुयश जाधवमध्ये. लहानपणी विजेच्या अपघातात त्याचे दोन्ही हात कोपरांखाली गेले. म्हणजे पाणी मागे ओढायला तळवे नाहीत, मनगटे नाहीत. तरीही २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई पॅरा स्पर्धेत त्याने ५० मीटर बटरफ्लायचे सुवर्ण जिंकले. सर्वांत जास्त खांदे लागणारा प्रकार म्हणून ज्याची भीती घातली जाते, तो त्याने मुख्यतः छाती, कंबर आणि पायांच्या लाटेवर तोलून नेला. पॅरा जलतरणाचे नियम लिहिणाऱ्यांना हा फरक आधीच कळला होता. फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लाय यांसाठी खेळाडूचा एकच वर्ग ठरतो. ब्रेस्टस्ट्रोकसाठी त्याचे शरीर वेगळे मोजून वेगळा वर्ग देतात, कारण तिथे पायांचा वाटा मोठा. २०२१ मध्ये टोकियो पॅरालिम्पिकला सुयश १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये उतरला. तिथे नियमभंग झाल्याचे सांगून पंचांनी त्याला बाद ठरवले.