मोटोक्रॉस : मातीच्या मार्गावरील कुमार जगज्जेते

मोटरसायकल शर्यत म्हटली, की आपल्याकडील क्रीडारसिकांच्या डोळ्यांसमोर डांबरी सर्किटवरील मोटोजीपी उभी राहते. मोटोक्रॉस या तिच्या थोरल्या भावंडाची ओळख मात्र बेताचीच आहे. माती, वाळू, चिखल, चढउतार आणि उंचच उंच उड्या हे या शर्यतीचे स्वरूप. तिचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे स्पर्धकांचे वय. प्राथमिक शाळेच्या बाकावर बसणारी मुले येथे जागतिक विजेतेपदासाठी झुंजतात. हा पराक्रम कौतुकास्पद असला, तरी त्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे.

उगम आणि विस्तार

या खेळाचा जन्म ब्रिटनमधला. सरे परगण्यातील कॅम्बर्ली येथे २९ मार्च १९२४ रोजी झालेली 'स्क्रॅम्बल' ही या प्रकारातील पहिली ज्ञात शर्यत मानली जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर हा खेळ युरोपभर पसरला आणि १९४७ मध्ये राष्ट्रीय संघांची 'मोटोक्रॉस दे नासियाँ' ही स्पर्धा सुरू झाली. आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघ अर्थात 'एफआयएम'ने १९५७ मध्ये ५०० सीसी गटासाठी जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचा दर्जा दिला. २५० सीसी गटाला तो १९६२ मध्ये आणि १२५ सीसी गटाला १९७५ मध्ये लाभला. आज 'एमएक्सजीपी' हा सर्वोच्च गट आहे, तर 'एमएक्स-२' हा २३ वर्षांची वयोमर्यादा असलेला त्याखालचा गट आहे.

शिडीच्या पायऱ्या

ज्येष्ठ गटापर्यंत पोहोचण्याची वाट ६५, ८५ आणि १२५ सीसी अशा पायऱ्यांवरून जाते. मूल जसजसे वाढते, तसतशी त्याची मोटरसायकल बदलते. ६५ सीसीचे वाहन दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी असते, तर १२५ सीसीच्या गटात मिसरूड फुटू लागलेली मुले दिसतात. प्रत्येक गटासाठी युरोपीय मालिका आहे आणि एफआयएमची कुमार जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही आहे. ज्येष्ठांची मालिका वर्षभर देशोदेशी चालते. कुमारांचा फैसला मात्र एकाच ठिकाणी, एकाच शनिवार-रविवारी होतो. पहिल्या क्रमांकाला २५, दुसऱ्याला २२ आणि तिसऱ्याला २० अशा गुणांची बेरीज करून विजेता ठरतो. त्यामुळे सुरुवातीचे फाटक पडताच झालेली एखादी घसरण वर्षभराच्या मेहनतीवर पाणी फिरवू शकते.

कुमारांतून जगज्जेते

या शिडीचे महत्त्व नावांवरूनच पटावे. जर्मनीचा केन रोक्झेन २००७ मध्ये ८५ सीसी गटाचा कुमार जगज्जेता झाला. दोनच वर्षांनी, २००९ मध्ये, मायदेशातील टॉयचेन्थाल येथे त्याने 'एमएक्स-२' गटाची ग्रांप्री जिंकली. तेव्हा त्याचे वय होते अवघे १५. सतराव्या वर्षी, २०११ मध्ये, तो त्या गटाचा जगज्जेताही ठरला.

नेदरलँड्सच्या जेफ्री हेर्लिंग्जने २००८ मध्ये ८५ सीसीचे विजेतेपद मिळवले आणि २०१० मध्ये, पंधराव्या वर्षीच, वाल्केन्सवार्डच्या वाळूत पहिली ग्रांप्री जिंकली. बेल्जियमच्या स्टेफान एव्हर्ट्‌सचा १०१ ग्रांप्री विजयांचा विक्रम पुढे २०२३ मध्ये त्यानेच मोडला.

स्पेनचा होर्हे प्राडो २०११ मध्ये ६५ सीसीचा कुमार जगज्जेता झाला, तेव्हा तो दहा वर्षांचा होता. मुलाला उत्तम सराव मिळावा म्हणून या कुटुंबाने स्पेन सोडून मोटोक्रॉसची पंढरी असलेल्या बेल्जियममध्ये बिऱ्हाड हलवले. त्याचे फळ २०१८ आणि २०१९ मध्ये 'एमएक्स-२'च्या, तर २०२३ आणि २०२४ मध्ये 'एमएक्सजीपी'च्या विजेतेपदांच्या रूपाने मिळाले.

स्लोव्हेनियाच्या टिम गायसरची कहाणी अधिक हृदयस्पर्शी आहे. त्याच्या जन्मापूर्वी त्याचा चिमुकला भाऊ मोटोक्रॉसच्या मार्गावरील अपघातात दगावला. टिमच्या मोटरसायकलवरील २४३ हा क्रमांक त्या भावाची आठवण म्हणून आहे. इतके सोसूनही वडिलांनीच त्याला या खेळात घडवले. २०१२ मध्ये १२५ सीसीचा कुमार जगज्जेता झालेल्या टिमने २०१५ मध्ये 'एमएक्स-२' आणि लगोलग २०१६ मध्ये सर्वोच्च गटाचे जेतेपद पटकावले.

मुलीही मागे नाहीत. इटलीच्या कियारा फोंटानेसीने २०१२ मध्ये अठराव्या वर्षी महिलांचे जागतिक विजेतेपद मिळवले आणि एकूण सहा वेळा त्यावर नाव कोरले. नेदरलँड्सची लोटे व्हान ड्रुनेन २०२४ मध्ये सतराव्या वर्षी जगज्जेती झाली.

यशाची किंमत

या झगमगाटाची दुसरी बाजूही पाहायला हवी. वाढत्या वयातील हाडांची टोके पूर्ण घट्ट झालेली नसतात. तेथे झालेला अस्थिभंग पुढील वाढीवर परिणाम करू शकतो. डोक्याला बसणारे धक्के हा त्याहून गंभीर विषय. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी केलेल्या एका पाहणीत, एका हंगामात मेंदूला धक्का बसल्याची लक्षणे जवळपास निम्म्या कुमार स्पर्धकांनी सांगितली होती. सोळा वर्षांखालील मुलांनी अशी वाहने चालवूच नयेत, अशी अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची भूमिका आहे. हेल्मेट, छातीचे कवच, गुडघ्याचे आधार आणि मानेचा पट्टा यांनी धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. खुद्द रोक्झेनच्या डाव्या हाताला जानेवारी २०१७ मध्ये इतकी भीषण दुखापत झाली, की त्यावर अनेक शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. पुन्हा सुपरक्रॉसची शर्यत जिंकण्यासाठी त्याला २०२० साल उजाडावे लागले.

खर्चाचा भारही पालकांवरच पडतो. वाहन, सुटे भाग, टायर, प्रवास आणि सराव यांचे गणित सामान्य कुटुंबाला झेपणारे नाही. शिवाय शाळेचे काय करायचे, हा प्रश्न उरतोच.

आपल्याकडील चित्र

भारतात या खेळाचा सुपरक्रॉस हा आटोपशीर अवतार अधिक रुजला आहे. पुण्यात बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडानगरीत २८ जानेवारी २०२४ रोजी इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली, तेव्हा परदेशी रायडरांचा खेळ पुणेकरांना घरबसल्या नव्हे, तर गॅलरीतून पाहता आला. राष्ट्रीय सुपरक्रॉसमधूनच पुढे आलेल्या केरळच्या हरित नोहाने त्याच महिन्यात डकार रॅलीत 'रॅली-२' गटाचे विजेतेपद मिळवले.

मुलांच्या हौसेला वाव द्यायचा, तर ती बंदिस्त मार्गावर आणि प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच द्यायला हवी. सार्वजनिक रस्त्यावर गियरचे वाहन चालवण्यासाठी १८ वर्षे पूर्ण असणे कायद्याने बंधनकारक आहे. अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. प्राडो किंवा हेर्लिंग्ज रस्त्यावरच्या कसरतींतून घडलेले नाहीत. त्यांच्यामागे आखलेला मार्ग, वयानुरूप वाहन आणि सज्ज वैद्यकीय पथक होते. कुमार जगज्जेत्यांचे कौतुक करताना या तीन गोष्टींचे भान पालकांनी ठेवलेले बरे.