सरासरी

पावसाळ्यात हा शब्द रोज कानावर पडतो. फारसीत ‘सर’ म्हणजे डोकं, टोक. ‘सरासर’ म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत. हिंदीत त्याचा अर्थ ‘निव्वळ’ झाला: सरासर झूठ. मराठीनं त्याला हिशेबाला बसवलं. हिंदी त्या कामाला अरबी ‘औसत’ वापरते.

हवामान खात्याच्या नकाशावर जिल्हा हिरवा दिसतो, म्हणजे पाऊस सरासरीच्या १९ टक्क्यांपर्यंत खाली-वर. पण साताऱ्याला रंग एकच, आणि त्यात मुसळधार पावसाचं महाबळेश्वरही आलं, दुष्काळी माणही! माणमधल्या शेतकऱ्याला तो हिरवा परका वाटतो, आणि त्याचं बरोबरच आहे. पीकविम्याची चर्चा निघाली की म्हणूनच लोक विचारतात, ‘आमच्या महसूल मंडळाची सरासरी किती?’