फ्रॅमिंगहॅमचे कोष्टक, कोलकात्याचे अंतर

कोलकात्यास बदलून आलो त्या वर्षीच्या वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी माझे वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे आकडे संगणकात भरले आणि सांगितले, "दहा वर्षांत हृदयविकाराचा धोका सहा टक्के. निश्चिंत राहा." अमेरिकेत स्थायिक झालेल्या माझ्या थोरल्या बंधूंनाही असाच लहान आकडा मिळाला होता, एक्कावन्नाव्या वर्षी त्यांच्यावर बायपास शस्त्रक्रिया झाली. एका उदाहरणाने कोष्टक खोटे ठरत नाही. शंभरातले ते सहा जण कोणीतरी असणारच, एवढे अर्थशास्त्र शिकलेल्यास कळते. तरीही मनात आले, हे शंभर जण होते तरी कोण?

अशा कोष्टकांचा उगम मॅसॅच्युसेट्समधील फ्रॅमिंगहॅम या गावी आहे. तेथे १९४८ साली सुरू झालेल्या पाहणीत ५,२०९ स्त्री-पुरुष होते, जवळजवळ सारे युरोपीय वंशाचे. तिच्यातून निघालेले सूत्र २००१ साली अमेरिकेतीलच अन्य गटांना लावून पाहिले, तेव्हा जपानी वंशाच्या पुरुषांचा धोका ते प्रत्यक्षाहून जास्त दाखवू लागले. २००४ साली चीनमध्येही तसेच आढळले. गंमत अशी की कोणाचा धोका अधिक व कोणाचा कमी, हा क्रम सूत्र बऱ्यापैकी लावत होते. चुकत होता तो आकडा. स्थानिक रोगमान घालून दुरुस्ती केली की तोही पुष्कळसा जुळे.

दोन लोकसमूह एकमेकांपासून किती दूर आहेत, हे संख्येत कसे मोजावे, हा प्रश्न कोलकात्यात फार आधी हाताळला गेला होता. १९२० साली नागपूरच्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन ॲनंडेल यांची गाठ प्रेसिडेन्सी कॉलेजातील भौतिकशास्त्राचे तरुण प्राध्यापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी पडली. कोलकात्याच्या अँग्लो-इंडियन लोकांची शरीरमापे ॲनंडेल यांनी गोळा केली होती. ती त्यांनी महालनोबिसांकडे तपासावयास दिली. १९२२ साली त्यावरील निबंध प्रसिद्ध झाला आणि भौतिकशास्त्राचा हा माणूस संख्याशास्त्राचा झाला. पुढे १९३६ साली त्यांनी मांडलेले 'अंतर' केवळ सरासरींची वजाबाकी नव्हे. प्रत्येक मापाचा विस्तार किती आणि एक माप वाढले की दुसरे किती वाढते, हेही त्यात धरलेले असते.

हृदयविकाराच्या सूत्रांशी महालनोबिसांचा थेट संबंध नाही. परंतु मापांचे आपसातील नाते समूहागणिक बदलले की काय होते, याचे उदाहरण पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी स्वतःच्याच देहावरून दिले. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचे आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापून आले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स २२.३, मात्र युडकिन यांच्या अंगी मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगी २१.२. वजनकाट्याला यातले काही दिसत नाही.

ब्रिटनमधील वाचकांना ठाऊक असेल, तेथील २००८ च्या क्यूरिस्क-२ सूत्राने भारतीय, पाकिस्तानी व बांगलादेशी यांना वेगवेगळे रकाने दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या कोष्टकांत जगाचे २१ विभाग आहेत. दक्षिण आशिया हा त्यांतला एक. केरळ, बंगाल, विदर्भ, सारे एकाच पानावर.

याहून बारीक विभागणी हवी तर कोण कशाने मेले याची नोंद हवी, आणि येथे प्रश्न वैद्यकशास्त्राकडून आम्हा प्रशासकांच्या टेबलावर येतो. २०२० साली भारतात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी २२.५ टक्क्यांचेच कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित होते. मी अशा नोंदवह्या चाळल्या आहेत. 'हृदयक्रिया बंद पडून मृत्यू' हा शेरा पानोपानी दिसतो; मृत्यूसमयी ती कोणाची बंद पडत नाही?

मध्यंतरी बंधूंचा फोन आला. तिकडच्या डॉक्टरांना कुटुंबाचा इतिहास हवा होता. वडील नेमके कशाने गेले? मी कपाटातून दाखला काढला. कारणाच्या रकान्यात 'वृद्धापकाळ' असे लिहिले आहे. वडील गेले तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते.