मुक्तिदिनाच्या भाषणातला न आलेला आकडा

१५ ऑगस्ट १९४७ रोजी घाटनांदूर भारतात नव्हते. मोमिनाबादचा, म्हणजे आजच्या अंबाजोगाईचा, सारा परिसर निजामाच्या राज्यात होता, आणि जून १९४७ मध्येच निजामाने सार्वभौमत्वाचे फर्मान काढले होते. 'स्वातंत्र्य' हा शब्द तेव्हा दरबाराचाही होता. ऑगस्ट १९४८ मध्ये दरबाराने आपली तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपर्यंत नेली. अंबाजोगाईत शिक्षक राहिलेल्या स्वामी रामानंद तीर्थांना आणि त्यांच्या स्टेट काँग्रेसला मात्र निजामापासूनच स्वातंत्र्य हवे होते. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य संस्थानात शिरले, १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. रणगाड्यांच्या मोहिमेला 'पोलीस अ‍ॅक्शन' म्हणायचे, ही राजनीतीची भाषा!

रझाकारांचे अत्याचार आमच्याकडे घरोघर सांगितले जातात. ते सांगितलेच पाहिजेत. परंतु त्यानंतर मुसलमानांच्याही कत्तली झाल्या. पंडित सुंदरलाल समितीने संस्थानभर २७ ते ४० हजार मृत्यूंचा अंदाज दिला. औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक मिळून किमान ५ हजार, असे तिने नोंदवले. अहवाल मात्र कित्येक दशके दडवून ठेवला गेला. मुक्तिसंग्रामदिनी दरवर्षी झेंडावंदन होते, भाषणे होतात. त्यांत हा आकडा आम्ही अद्याप ऐकलेला नाही.