यादीत नसलेला डोंगर

कॉलेजात असताना इर्शाळगडाच्या ट्रेकला गेलो होतो. चौकच्या बाजूनं चढणारी वाट एका ठाकूरवाडीतून जायची. तिथे एका घरात पिठलं-भाकरी खाल्ली, बाटल्या भरल्या आणि सुळक्याकडे निघालो. खाली मोरबे धरण दिसत होतं. नवी मुंबईत माझ्या नळाला येतं ते पाणी तिथलंच.

कर्जत-खालापुरात ठाकूरवाडी नावाच्या कितीतरी वाड्या आहेत. ही वाडी बातम्यांमध्ये इर्शाळवाडी म्हणून आली. 19 जुलै 2023 च्या रात्री तिच्यावर दरड कोसळली. 27 मृतदेह मिळाले, 57 माणसं सापडलीच नाहीत. चार दिवसांनी शोध थांबवला. वर गाडीरस्ता नव्हता, म्हणून ढिगारा हातांनी उपसावा लागला. नंतर सरकारनं सांगितलं की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हतीच.

माझं रोजचं काम डेटाचं. ‘यादीत नव्हतं’ हे वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून वाचायला लागलो.

सह्याद्रीचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. पाऊस तो कुजवतो, त्याचा मुरूम होतो, माती होते. कड्यावरून निसटलेली माती आणि दगड पायथ्याशी साठतात. तिथला उतार जरा सौम्य असतो, नाचणीपुरती माती असते, जवळ झरा असतो. माणसं तिथेच घरं बांधतात. म्हणजे वाडीखालची जमीनच बहुतेक वेळा डोंगरानं आधी कधीतरी खाली टाकलेली असते.

ही माती उतारावर टिकते ती कणांमधल्या घर्षणामुळे. पाणी मुरून कणांमधल्या फटी भरल्या की ते आतून रेटा देतं, आणि कणांची एकमेकांवरची पकड सुटते. कार्ल टर्झाघीनं 1920 च्या दशकात हे गणितात मांडलं. मातीखालचा कातळ पाणी पटकन पुढे जाऊ देत नसेल, तर हा दाब नेमका त्या सांध्यावर वाढतो.

1980 मध्ये नेल केन या शास्त्रज्ञानं जगभरच्या 73 घटना जमवून एक रेषा काढली: इतके तास इतका पाऊस झाला, तर उथळ दरडी कोसळू शकतात. तिचं सूत्र कोडच्या एका ओळीत बसतं. 72 तास घातले, तर उत्तर येतं साधारण 200 मिलिमीटर. इर्शाळवाडी परिसरात 17 ते 19 जुलै या तीन दिवसांत 499 मिलिमीटर पाऊस झाल्याचं विधानसभेत सांगण्यात आलं.

क्षणभर वाटलं, सापडलं! पण तीन दिवसांत 200 मिलिमीटर पाऊस आमच्या घाटाखाली नवलाचा नाही. त्या रेषेवर अलार्म लावला, तर तो पावसाळ्यात पुन्हा पुन्हा वाजेल. शिवाय कुठला उतार सुटेल हे रेषा सांगत नाही. त्यासाठी शास्त्रज्ञ उपग्रहचित्रांत जुन्या दरडींचे व्रण शोधतात, उतार मोजतात, मातीची जाडी बघतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे देशपातळीवरचे दरडप्रवणता नकाशे 1:50,000 प्रमाणाचे आहेत. त्यात एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. चाळीस-पन्नास घरांची वाडी त्यावर जेमतेम काही मिलिमीटर भरते.

आणि व्रणही टिकत नाहीत. आमच्या पावसात वर्षा-दोन वर्षांत त्यांवर हिरवळ चढते. 30 जुलै 2014 ला माळीण गेलं, 151 माणसं मेली. 22 जुलै 2021 ला तळिये. प्रत्येक वेळी यादी वाढते, पण ती वाढते घडून गेलेल्या गोष्टींवर. फक्त जुन्या बगांवर टेस्ट लिहिल्या, तर नवा बग नेमका त्यांच्याबाहेर निघतो, तसंच हे.

वाचलेल्यांसाठी खाली चौकजवळ सिडकोनं घरं बांधली. गेल्या पावसाळ्यात मी नकाशा उघडून कर्जत-खालापुरातल्या कड्याखालच्या बाकीच्या ठाकूरवाड्या मोजायला बसलो. सगळ्यांचं नाव तेच, त्यामुळे आधी कुठली मोजली आणि कुठली राहिली, तेच कळेना. शेवटी प्रत्येकीपुढे तिच्या वरच्या डोंगराचं नाव लिहायला सुरुवात केली.